अर्धे निरोप

समोरच्या गच्चीवर एक मुलगी गेले आठ दिवस पाठ करत फिरते आहे. टाकीपासून कठड्यापर्यंत आणि कठड्यापासून टाकीपर्यंत. पुस्तक छातीशी मिटलेलं असतं आणि ओठ हलत असतात. अडली की थांबते, पुस्तक उघडून चोरून बघते, पुन्हा चालू लागते. चोरून कोणापासून, तर स्वतःपासूनच. मी तांदूळ निवडताना तिच्याकडे बघत बसते आणि तांदूळ तसेच राहतात. मार्च निम्मा झाला की माझं असंच होतं. बोळाच्या तोंडाशी झेरॉक्सच्या दुकानापुढे पोरांची गर्दी होते, हातगाड्यांवर द्राक्षं उतरतात, दुपारी नळाला आधी कोमट पाणी येऊ लागतं, आणि माझं कशात मन लागत नाही. मी शेवटची परीक्षा दिली ती चौथीची. तरी दर वर्षी या दिवसांत वाटतं की माझा एक पेपर लिहायचा राहिला आहे.

सहा वर्षांपूर्वी आमची तेजू मराठी घेऊन एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. आम्हाला ती एकच. तिला एक लहानसा प्रबंध लिहायचा होता. आजच्या कथा-कादंबऱ्यांमधली बिघडलेली नाती, असा काहीसा विषय. तिनं तो मला चहा गाळताना सांगितला. मी म्हटलं, "यावर लिहायचं काय? हे तर सगळ्यांकडेच असतं."

"म्हणूनच तर, आई," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

त्याच हिवाळ्यात आमच्याकडे अबोला सुरू झाला होता. तेजूच्या बाबांचं दिंडोरी रोडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी येतात, हे तांब्याची तार नव्यानं भरून देतात. निफाडकडचं एक जुनं गिऱ्हाईक, द्राक्षबागायतदार, चांगली माणसं. त्यांच्या मुलासाठी यांनी तेजूचा शब्द देऊन टाकला, दुकानातच, चहा पिता पिता. तेजूला विचारलं नाही. मला घरी येऊन सांगितलं. तेजूनं तिसऱ्या दिवशी मुलाचा नंबर मिळवून त्यालाच फोन केला, की मला आत्ता लग्न करायचं नाही, तुम्ही दुसरीकडे बघा. संक्रांतीच्या आधी मुलाचे वडील दुकानात येऊन चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "पोरीला विचारून शब्द देत जा की राव."

त्या दिवशी हे घरी आले, हात धुतले, हाताला वार्निशचा वास तसाच. तेजू ओट्याजवळ उभी होती, तीन फुटांवर. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, आजपासून मी तिच्याशी बोलणार नाय."

मी तिच्याकडे वळून सांगितलं. तिनं ऐकलेलंच होतं, तरी सांगितलं.

"त्यांना सांग, बरं," तेजू म्हणाली. तेही मी सांगितलं.

आमच्यात अबोला धरला म्हणजे घर बंद पडत नाही. कामं चालू राहतात, बोलणं फक्त तिसऱ्याच्या तोंडून जातं. माझं माहेर सुरगाण्याकडच्या डोंगरातलं. तिथं माझे वडील आणि चुलते नऊ वर्षं असेच बोलत होते, आणि नांगर एकच होता. दोघं बांधावर बसून नागलीची भाकर खायचे, मधे माझी आई. "त्याला सांग, उद्या बैल माझ्याकडं." आई मान वळवून तेच सांगायची. मला वाटायचं बायकांना हे येतच असतं, भात कांडण्यासारखं.

आमच्याकडे मग जेवताना असं चालायचं.

"तिला सांग, मोरीतला नळ टपकतोय. घट्ट बंद करत जा म्हणाव."

"बाबांना सांग, वॉशर गेलंय. घट्ट करून काही होत नाही."

"तिला सांग, वॉशर आणतो."

"त्यांना सांग, अर्ध्या इंचाचं आणा."

मी हातात भातवाढी घेऊन या बाजूला आणि त्या बाजूला. शेजारच्या कुसुमताई दारातून ऐकायच्या. एकदा म्हणाल्या, "काय गं, टेलिफोनचं ऑफिस उघडलंस का घरात?" मी हसले. ऐकणाऱ्याला हसू येण्यासारखंच होतं ते.

दुपारी घर रिकामं असायचं. हे दुकानात, तेजू कॉलेजात. दोन ते चार या वेळात मी तिच्या टेबलावरची पुस्तकं वाचायला लागले. समोर परातीत गहू ठेवायचे, म्हणजे कोणी आलंच तर निवडत होते म्हणून सांगता येईल. माझं वाचन हळू. जोडाक्षर आलं की बोट थांबतं. एक पान संपायला चहा गार होईल एवढा वेळ लागायचा. पण त्या पुस्तकांत जे चाललं होतं ते मला फार जवळचं वाटायचं. दार लावून बसलेले बाप, शहरात जाऊन परत न येणारे मुलगे, एका घरात दोन चुली मांडणाऱ्या जावा. वाचताना जीव घाबरायचा. मधूनच शेवटचं पान उघडून बघायचे, ही माणसं बोलतात की नाही एकमेकांशी. बहुतेक पुस्तकांत बोलत नव्हते. मग पुढं वाचवायचं नाही आणि सोडवायचंही नाही. पुस्तक जिथं होतं तिथंच, त्याच कोनात ठेवून द्यायचे. तेजूला कळू दिलं नाही. ती हसली नसती, पण मला लाज वाटायची.

त्या पुस्तकांबद्दल तेव्हा जे वाटलं ते कोणाला बोलले नाही, आता इथं लिहिते. लिहिणाऱ्यांना भांडण छान जमतं. कोण काय म्हणालं, दार कसं आपटलं, सगळं डोळ्यांपुढं येतं. अबोला तेवढा जमत नाही. एका पुस्तकात होतं, त्यानंतर तीन महिने घरात कोणी कोणाशी बोललं नाही. एका ओळीत तीन महिने संपले, पुढच्या ओळीत पावसाळा. मी ती ओळ दोनदा वाचली. त्या तीन महिन्यांत दूध कोणी घेतलं, आजारी पडलं तर गोळी कोणी दिली, किल्ली कुठं आहे हे कोणी कोणाला विचारलं? तीन महिने म्हणजे किती वेळा ताटं मांडायची हे लिहिणाऱ्याला माहीत नसावं, किंवा त्याला ताटं वाढणारं कोणी असावं. आणि त्या गोष्टींतल्या आया. सगळ्या खिडकीशी उभ्या, नाहीतर पदरानं डोळे टिपणाऱ्या. मला त्यांचा राग यायचा. मी मनात म्हणायचे, बाई, तू बोल ना काहीतरी.

रंगपंचमी आली. आमच्याकडे पंचवटीत रंगपंचमीला रहाड उघडतात. जमिनीत पुरलेला जुना हौद, वर्षभर त्यावर फळ्या आणि माती, वरून गाड्या जातात. त्या दिवशी तो रंगाच्या पाण्यानं भरतात आणि माणसं त्यात धप्पा मारतात. हे दर वर्षी जातात. लहानपणी तेजू दारातच उभी राहायची, आणि हे भिजून आले की आपल्या अंगावरचाच रंग बोटानं तिच्या कपाळाला लावायचे. त्या वर्षीही हे आले. अंगावरून केशरी पाणी गळत होतं, उंबऱ्यावर थारोळं झालं. मला हळूच म्हणाले, "तेजा कुठंय? तिला म्हण, ये जरा. एकच बोट लावतो."

मी तिच्या खोलीच्या दारात गेले. ती लिहीत होती. मी म्हटलं, "बाबा आलेत. फरशी सगळी ओली झालीय. जपून ये बाहेर आलीस तर."

ती म्हणाली, "नाहीच येत मग."

हे थोडा वेळ उंबऱ्यावर उभे राहिले आणि अंघोळीला गेले. असं का केलं मी, याचा विचार मी त्या दिवशी केलाच नाही. मला ते चुकल्यासारखं वाटलंच नाही. 'एकच बोट लावतो' हे शब्द माझ्या तोंडातून निघण्यासारखे नव्हते, एवढंच. नळाचं, वॉशरचं, दिव्याचं मी पटकन सांगत होते. रागाचं असलं तर त्यातला काटा काढून सांगत होते, आणि त्याचा मला मनातून अभिमान होता. पण मायेचं काही आलं की माझी जीभ जड व्हायची. माझ्या माहेरी असलं कोणी मोठ्यानं बोलत नसे. नवऱ्यानं लेकीबद्दल म्हटलेलं असलं काही मी सांगायचं म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरची वस्तू हातात घेऊन चारचौघांतून जायचं. ते मी वाटेत कुठंतरी ठेवून द्यायचे आणि उरलेलं पोचवायचे.

तेजूकडूनही तसंच. "बाबांना म्हणावं, उन्हाचं दुकानात पंखा लावून बसा, चक्कर येते त्यांना." मी यांना सांगितलं, "पंखा लावा म्हणते." हे म्हणाले, "पंख्यानं तार उडते, तिला काय माहीत."

प्रबंध टाइप होऊन आला तेव्हा मी तोही वाचला. कठीण होता, पण जिद्दीनं वाचला. एका पानावर तेजूनं लिहिलं होतं, या कथांमधली आई ही बहुतेक वेळा मूक साक्षीदार असते. मी बोट तिथंच ठेवून बसले. ती गोष्टींतल्या आयांबद्दल लिहीत होती, हे मला कळत होतं. पण आमच्या घरात तेव्हा बोलत होतं कोण? मीच तर बोलत होते. दोघांचं सगळं बोलणं माझ्या तोंडून चाललं होतं. मी मुकी असते तर बरं झालं असतं, दोघांना एकमेकांकडे वळावं लागलं असतं.

सुरुवातीच्या पानावर आभार होते. मॅडमचे, ग्रंथालयाचे, दोन मैत्रिणींचे. शेवटी माझे, वेळेवर डबा दिल्याबद्दल. बाबांचं नाव नव्हतं. तो काळ्या पुठ्ठ्याचा प्रबंध दिवाणावर पडला होता आणि यांनी तो संध्याकाळी उचलून उघडला. पहिलंच पान. वाचलं, मिटला, पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "बाइंडिंग चांगलं केलंय."

तेजूचा पहिला पेपर होता त्याच्या आदल्या दिवशी हे दुकान बंद ठेवून सकाळीच स्कूटर घेऊन कुठंतरी गेले. चारला परत आले ते धुळीनं भरलेले, आणि पुढं द्राक्षांची पेटी. मोरीत पाय धुता धुता म्हणाले, "तिला सांग, निफाडला जाऊन आलो. त्या लोकांना म्हटलं, चूक माझी, पोरीला न विचारता शब्द दिला. त्यांनी उलट द्राक्षं दिली. आता काही राहिलं नाय. तिनं ते डोक्यातून काढून टाकावं, अन् उद्याचा पेपर नीट लिहावा."

मी टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि तेजूच्या खोलीत गेले. ती दोन्ही कानांवर हात ठेवून पाठ करत होती. तिचा चेहरा बघितला आणि मला वाटलं, परीक्षेच्या तोंडावर निफाडचं नाव कशाला काढायचं? रडेल, रात्रभर जागेल. पेपर झाले की सांगू.

"बाबा म्हणतात, पेपर नीट लिही."

तिनं हात खाली घेतले. "एवढंच?"

"एवढंच."

"द्राक्षं कुठली आणली?"

"बाजारातली," मी म्हटलं.

पेपर संपले. मे महिना गेला. एक दिवस गॅस संपला, मी घरात नव्हते, तेव्हा ती म्हणे थेट म्हणाली, "बाबा, सिलिंडर," आणि हे म्हणाले, "आणतो." अबोला सुटला असं मी धरलं. सुटलेल्या गाठीला पुन्हा हात कशाला लावा, म्हणून निफाडचं राहिलं. मग तेजूला मनमाडला ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. तिथल्याच एका रेल्वेतल्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं, यांनी एका शब्दानं अडवलं नाही, मांडवात सगळं रीतीनं केलं. दोघं एकमेकांशी बोलत होते, पण पाहुण्यांसारखं. गाडी वेळेवर होती का. जेवलात का. आणि पुढं काही नाही. फोन आला की हे अर्ध्या मिनिटात "हे घे, आईशी बोल" म्हणून माझ्याकडे द्यायचे. मला वाटायचं, पुरुषांचं असंच असतं.

या मार्चमध्ये तेजू दोन दिवसांसाठी आली. सोबत सराव परीक्षेचे पेपर तपासायला आणले होते. मी कैऱ्या चिरत होते, ती समोर लाल पेन घेऊन. गोष्टीतले वडील मुलाशी का बोलत नाहीत, असा प्रश्न होता. एका मुलीनं लिहिलं होतं, वडील बोलत नाहीत कारण त्यांना वाटतं की सगळं आधीच बोलून झालं आहे. तेजूनं मला ते वाचून दाखवलं. "मार्क द्यायला पाहिजेत," म्हणाली, आणि पेन फिरवत, हसत हसतच पुढं म्हणाली, "आपल्या बाबांचं तसं नाही. त्यांचं काही बोलून झालं नाही आणि निफाडचं काही विसरून झालं नाही."

"ते मिटवून आले होते," मी म्हटलं.

कसं आलं तोंडातून, ठाऊक नाही. सहा वर्षं जे शब्द जड होते ते कैरीची फोड पडावी तसे पडले. तिनं पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं. मोरीतलं, द्राक्षांचं, रंगपंचमीचं एक बोट. सांगताना मान वर केली नाही.

"मला कधी सांगणार होतीस?"

"तुझी परीक्षा होती."

"आई," ती म्हणाली, "परीक्षा संपून सहा वर्षं झाली."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पेपर गोळा केले, कोपरे जुळवले, पिशवीत भरले. दुपारच्या गाडीनं निघून गेली. वाटेत यांच्या दुकानावर थांबली, हे मला नंतर कळलं.

हे संध्याकाळी आले. ताट वाढलं. दोन घास खाऊन म्हणाले, "निफाडचं तू तिला सांगितलंच नव्हतं?"

"नाही."

"मग ती एवढी वर्षं काय समजत होती?"

"तुमचा राग गेला नाही असं."

यांनी भात पुन्हा कालवला. "अन् मी समजत होतो," म्हणाले, "तिला निरोप पोचला. पोचूनही ती काही बोलली नाय."

एवढंच म्हणाले. मी वाट बघत होते की पुढं मला काही बोलतील. बोलले नाहीत, आमटी मागितली.

आज अकरा दिवस झाले. तेजू माझ्याशी बोलत नाही. फोन रोज येतो, यांच्या मोबाइलवर, दुपारी हे जेवायला घरी येतात त्या वेळी. आणि दोघं काय बोलतात. अर्धा अर्धा तास. तिच्या सासऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारीबद्दल, कॉलेजातल्या कोणा सरांबद्दल. हे हसतात, ते हसणं मी विसरले होते. मी स्वयंपाकघरात भांडी उगाच घासत राहते. सुख होतं, खोटं कशाला सांगू. पण एका जागी बसवत नाही. या खोलीतून त्या खोलीत जाते, काय घ्यायला आले ते आठवत नाही. ज्या गोष्टी मी परातीत गहू ठेवून वाचल्या त्यांत कुठंच अशी बाई नव्हती, जी मधून बाजूला झाली आणि मग दोघं बोलायला लागले. असती तर तिनं पुढं काय केलं ते शेवटच्या पानावर तरी बघितलं असतं.

आता निरोप हे आणतात. परवा म्हणाले, "तेजा विचारते, गुडघ्याला तेल लावते का."

"आणि?"

"अन् म्हणते, राग अजून गेला नाय. विचारलं म्हणजे गेला असं समजू नको म्हणाव."

दोन्ही गोष्टी, एका आवाजात. यातलं काही गिळावं, काही मऊ करावं, हे त्यांच्या मनातही येत नाही. मोटारीत तारेचे जेवढे वेढे निघाले तेवढेच परत भरायचे, एक कमी भरला तर मोटार जळते, हेच ते आयुष्यभर करत आले. मला वाटायचं या माणसाला बोलता येत नाही.

काल मात्र गंमत झाली. फोनवर बोलता बोलता हे स्वयंपाकघरात आले, मोबाइल कानालाच. म्हणाले, "काय सांगू तिला तुझं?"

माझे हात मिठाच्या फोडींत. म्हटलं, "सांगा, लोणचं घातलंय. बरणी पाठवते कोणाबरोबर तरी."

"आई म्हणते, लोणचं घातलंय, बरणी पाठवते." आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. "पुढं?"

फोनमधून मनमाडच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता, म्हणजे तिकडेही कोणी ठेवला नव्हता. यांच्या तोंडाकडे बघून असलं काही बोलायची मला सवय नाही. पस्तीस वर्षांत मी यांच्यासमोर तसलं कधी बोलले नाही. पदराला हात पुसले. पुन्हा पुसले.

"सांगा, माझी चूक झाली."

"आई म्हणते, तिची चूक झाली." जसंच्या तसं, मोठ्यानं, वॉशरचं सांगावं तसं. यांनी फोन कानापासून काढला, ठेवायच्या बेतानं.

"थांबा, ठेवू नका," मी म्हटलं. "अजून आहे."

त्यांनी तेही सांगितलं. "आई म्हणते, अजून आहे." आणि पायानं स्टूल पुढं ओढून ते बसले.